शिक्षकाचे देणे

मराठी भाषेतील 'देणे' हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. आपण दुसऱ्यास जे देतो तेही देणे, आणि दुसऱ्याचे जे आपल्या अंगावर फिटावयाचे राहिले आहे तेही देणेच. दान आणि ऋण या दोन उलट टोकांच्या गोष्टी एकाच शब्दात सुखाने नांदतात, याचे बी. ए.च्या वर्गात असताना मला कौतुक वाटे. परंतु त्यात काही विचार दडला असेल असे कधी मनात आले नव्हते. तो विचार गेल्या हिवाळ्यात अगदी क्षुल्लक निमित्ताने पुढे उभा राहिला, आणि अजून तो पुरता मिटला आहे असे मला म्हणवत नाही.

निमित्त असे घडले. मी जबलपुरास एका केंद्रीय कार्यालयात कारकुनी करतो. येथील मराठी कुटुंबांचा व्हॉट्सॲपवर एक समूह आहे. त्यावर हळदीकुंकवाची आमंत्रणे येतात, कोणाच्या तरी बदलीची वार्ता येते, आणि उरलेल्या वेळी सुप्रभातीची फुले येतात. एका रात्री या फुलांच्या मागोमाग एक चित्रफीत आली. खाली लिहिले होते, 'वजाबाकी शिकविण्याची अभिनव पद्धत, आपल्या मुलांना अवश्य दाखवा.' मी ती उघडली आणि चकित झालो. फळ्यावर खडूने काढलेली दोन घरे, एक एककाचे व एक दशकाचे; एककाच्या घरात पुरेशा काड्या नाहीत म्हणून एक मुलगी शेजारच्या दशकाच्या घराची कडी वाजविते आणि दहा काड्यांचा एक गठ्ठा उसना मागून आणते. शिकविणाऱ्या बाईंचा चेहरा दिसत नव्हता, पण आवाज ओळखू न येणे शक्यच नव्हते. तो माझ्या ताईचा आवाज होता. आणि चित्रफितीच्या तळाशी, ताईचे नाव असावयाचे तेथे, कोण्या एका शिकवणीवर्गाची रंगीत पट्टी धावत होती.

ताई सातारा जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी शाळेत शिक्षिका आहे. मी त्याच रात्री तिला फोन केला आणि चोरी झाल्याचे रागारागाने सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली; मग म्हणाली, "अरे, ती जुनी फीत अजून फिरते आहे? मग तर पंचाईतच झाली." मला वाटले, तिलाही राग आला. पण तिची पंचाईत निराळी होती. ती फीत तिने दोन वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका समूहावर टाकली होती. त्यानंतर काही दिवसांनी तिच्याच वर्गातील एका मुलीने विचारले, "बाई, दशकाच्या घरचा गठ्ठा उसना आणला, तर तो परत कधी द्यायचा?" ताई निरुत्तर झाली. कारण वजाबाकीत तो गठ्ठा परत द्यावयाचा नसतोच. तेथे उसनवारी मुळी होतच नाही. एका दशकाचे दहा एकक होतात, एवढेच. दहाच्या नोटेची मोड घ्यावी आणि पैसे तितकेच राहावेत, तसा तो प्रकार आहे. तेव्हापासून ताईने 'उसने' हा शब्द वर्गातून काढून टाकला आणि नोटा व नाणी घेऊन तोच पाठ 'मोड' या नावाने बसविला. "पण आता," ती म्हणाली, "ज्यांच्याकडे ती फीत पोहोचली त्यांना हे कोण सांगणार? आणि त्यांच्या पोरांनी तोच प्रश्न विचारला तर ते कोणाला विचारणार?"

मी नावासाठी भांडत होतो आणि ती मुलांसाठी चिंता करीत होती. फोन ठेवल्यावर मला थोडी लाज वाटली. तथापि पुष्कळ विचार केल्यानंतर असे दिसू लागले की, आम्ही दोघे एकाच गोष्टीविषयी बोलत होतो. फक्त ती मला चुकीच्या बाजूने दिसत होती.

शिक्षकाच्या कामाचा एक विशेष आपल्यासारख्या कचेरीतील माणसांच्या चटकन लक्षात येत नाही. आपले काम साक्षीदारांच्या समोर होते. फायलीवर मी टिपणी लिहितो, खाली डाव्या बाजूस माझी सही करतो; ती वर जाते, उजव्या बाजूस साहेबांच्या सह्या पडत जातात. दहा वर्षांनी कोणी ती फाइल उघडली तरी कोणी काय म्हटले आणि कोणाचे चुकले, हे सारे तेथे असते. शिक्षकाचा पाठ मात्र पुसलेल्या फळ्याबरोबर नाहीसा होतो. त्याचे साक्षीदार आठ वर्षांची मुले. शेजारच्या वर्गातील सहकाऱ्यासही भिंतीपलीकडे काय चालले आहे ते ठाऊक नसते. आणि एकशिक्षकी शाळेत तर भिंतीपलीकडे कोणी नसतेच. एखाद्या डोंगरावरच्या शाळेत एखाद्या बाईंनी जोडाक्षरे शिकविण्याची उत्तम युक्ती शोधून काढावी आणि त्या निवृत्त झाल्या की ती युक्ती त्यांच्याबरोबर घरी जावी, असे आपल्या देशात किती वेळा घडले असेल!

हा एकांत मोडण्याची खटपट शिक्षकांनी फार पूर्वीपासून केलेली आहे. गेल्या शतकाच्याही आधी, १८६० नंतरच्या काळात, विद्याखात्याच्या आश्रयाने पुण्यास 'शालापत्रक' निघत असे. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ते चालविले. १८७५ मध्ये ते बंद पडले. विष्णुशास्त्र्यांची लेखणी आपल्या सर्वांस 'निबंधमाले'मुळे ठाऊक असते. पण तिचा पहिला सराव शिक्षकांसाठी निघणाऱ्या पत्रात झाला, हे आपण विसरतो. पुढे गुजरातेत भावनगरास गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून बालशिक्षण हाती घेतले, आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी ते कार्य मराठीत आणले. 'शिक्षणपत्रिके'च्या रूपाने त्यांचे प्रयोग अशा शिक्षकांच्या हाती जाऊ लागले की ज्यांनी भावनगर कधी पाहिलेही नव्हते.

याहूनही बोलके उदाहरण फ्रान्समधील सेलेस्तँ फ्रेने या खेड्यातील शिक्षकाचे आहे. पहिल्या महायुद्धात फुप्फुसास जखम झाल्याने त्याला वर्गात फार वेळ बोलता येत नसे. म्हणून त्याने १९२४ च्या सुमारास एक लहानसा छापखाना वर्गातच आणला. मुलांनी आपले अनुभव लिहावयाचे, स्वतः खिळे जुळवावयाचे आणि पाने छापावयाची. पुढे दोनएक वर्षांत देशाच्या दुसऱ्या टोकास, ब्रिटनी प्रांतात, समुद्रकाठच्या एका खेड्यातील शिक्षकाशी त्याने टपालाने ही पाने अदलाबदल करण्यास आरंभ केला. डोंगरातील मुलांस समुद्र कळला आणि समुद्रकाठच्या मुलांस डोंगर. पाहता पाहता अनेक शाळांचे असे जाळे तयार झाले आणि शिक्षकांची सहकारी संस्था उभी राहिली. आज ज्याला आपण समाजमाध्यम म्हणतो त्याचा गाभा फ्रेनेच्या त्या टपालाच्या पिशवीत होता. यंत्र तेवढे पुढे आले.

यंत्राने जे केले ते थोडे नव्हे. २००९ साली अमेरिकेतील काही शिक्षकांनी त्या काळच्या ट्विटरवर दर मंगळवारी एका ठराविक खुणेखाली चर्चा करण्याचा प्रघात पाडला, आणि निरनिराळ्या देशांतील शिक्षक एकाच प्रश्नावर बोलू लागले. आपल्याकडे व्हॉट्सॲपने खेडोपाडी प्रवेश केल्यावर जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे समूह झाले. २०१७ च्या शिक्षकदिनी केंद्र सरकारने 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू केले. २०२० च्या मार्चमध्ये शाळांना कुलुपे लागली तेव्हा तर हातातील फोन हीच अनेकांची शाळा झाली. त्याच वर्षी ३ डिसेंबर रोजी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांस दहा लक्ष डॉलरांचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, आणि त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ जणांस वाटून देण्याचे तेथल्या तेथे सांगितले. हे वृत्त वाचले तेव्हा परप्रांतात बसलेल्या आपल्यापैकी अनेकांची मान ताठ झाली असेल. मला त्या वेळी रकमेपेक्षा त्यामागील न्याय अधिक भावला. एकाचे म्हणून जे गौरविले जाते, त्यात अनेकांचा वाटा असतो, असे ते सांगणे होते.

मग प्रश्न उभा राहतो. विद्या जर खर्चाने वाढते, आणि हे सुभाषित आपण सर्वांनी लहानपणी पाठ केले आहे, तर ताईचे नाव गळाले म्हणून काय बिघडले? कायदाही येथे फारसा मदतीस येत नाही. आपल्याकडील १९५७ चा स्वामित्वहक्काचा कायदा रचनेचे रक्षण करतो, कल्पनेचे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली एका खटल्यात हे स्पष्ट केले आहे. ताईची चित्रफीत तिची म्हणता येईल. पण खडूची दोन घरे काढून वजाबाकी शिकविण्याची युक्ती कोणाचीच नव्हे, आणि ते योग्यच आहे. प्रत्येक युक्तीवर कोणी कुंपण घातले असते तर आपल्यापैकी एकही जण बेरीज शिकला नसता. शिवाय ताईला ती घरांची कल्पना आमच्या अण्णांपासून मिळाली होती. अण्णांना ती कोणा गटसंमेलनात कोणा गुरुजींनी सांगितलेली. मालकी शोधू गेल्यास ही साखळी कोठे संपावी?

परंतु मालकी नाही म्हणजे ऋणही नाही, असे ठरते काय? आपल्या परंपरेने ऋषींचे ऋण मानले आहे. ऋषींनी ज्ञानावर हक्क सांगितला म्हणून ते ऋण झाले नाही. त्यांनी ते मोकळ्या हाताने दिले म्हणूनच ते ऋण झाले. जे विकत घेतले त्याचे ऋण उरत नाही, कारण किंमत देऊन आपण मोकळे झालेले असतो. फुकट मिळालेल्याचेच देणे लागते. यास्तव 'त्यांनी तर सर्वांसाठीच टाकले होते' ही सबब नाव गाळणाऱ्यास सोडवीत नाही, उलट अधिक बांधते.

इतके मानूनही, नाव सांगावयाचे ते केवळ देणाऱ्याच्या मानासाठी, असे मला आता वाटत नाही. त्या मुलीचा प्रश्न आठवावा. गठ्ठा परत कधी द्यायचा? ज्या शिक्षकाने ताईचा पाठ तिच्या नावासह घेतला असता, तो अडल्यावर तिला विचारू शकला असता. आणि तिने पाठ सुधारला तेव्हा सुधारलेला पाठ त्याच्यापर्यंत जाऊ शकला असता. नाव पुसले गेल्याने पाठ अनाथ झाला. तो आता गावोगाव हिंडतो आहे, आणि त्यातील चूकही त्याच्याबरोबर हिंडते आहे. घरी परतून दुरुस्त होण्याची वाट त्याला राहिलेली नाही. नाव म्हणजे सत्काराची शाल नव्हे. नाव म्हणजे पत्ता. फायलीवरील डाव्या कोपऱ्यातील माझी सही माझ्या गौरवार्थ नसते. चुकले तर कोणाला बोलवावयाचे, हे कळण्यासाठी ती असते. ही गोष्ट रोज करूनही मला त्या रात्री सुचली नाही.

येथे हा लेख संपविता आला असता. पण गेल्या मे महिन्यात मी रजा घेऊन गावी गेलो तेव्हा ताईने मला दुसरी एक हकीकत सांगितली, आणि ती ऐकल्यावर पहिली फारच सोपी वाटू लागली.

तिच्या वर्गात तिसरीचा एक मुलगा होता. जूनमध्ये त्याला एक वाक्य धड वाचता येत नव्हते. ताईने त्याच्यावर वर्षभर मेहनत घेतली, आणि फेब्रुवारीत तो गोष्टीचे पान घडाघडा वाचू लागला. तिला झालेला आनंद कोणाही शिक्षकास समजेल. तिने जूनमध्ये नोंदीसाठी घेतलेली आणि फेब्रुवारीतील अशा दोन्ही फिती जोडून समूहावर टाकल्या. शाबासकीचा पाऊस पडला. तीन दिवसांनी तो मुलगा शाळेत आला नाही; चौथ्या दिवशीही नाही. ती फीत फिरत फिरत तालुक्याच्या गावी राहणाऱ्या त्याच्या चुलतभावाकडे पोहोचली होती, आणि जूनमधील त्याचे अडखळणे हीच वाडीतील पोरांची नवी करमणूक झाली होती. ताई त्याच्या घरी गेली. आईने चहा ठेवला. ती मुळीच रागावलेली नव्हती. ती एवढेच म्हणाली, "बाई, तुम्ही चांगलंच केलं की. त्याला वाचाय आलं. पण ते आधीचं कशाला दावलं?"

"त्या बाईने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते," ताई मला म्हणाली.

ताईने ती फीत समूहावरून काढली. पण काढली म्हणजे काय? २०२२ पासून व्हॉट्सॲपच्या एका समूहात १,०२४ माणसे मावतात. त्यांतील कोणी ती कोठे कोठे पाठविली असेल याचा हिशेब कोण देणार? २०२३ साली संसदेने संमत केलेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालील सर्वांस बालक मानून त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अट घातली आहे. अट योग्यच आहे. पण त्या आईने जूनमध्ये संमतीच्या कागदावर सहीही केली असती; बाईंनी मागितल्यावर ती नाही म्हणणार होती थोडीच? संमतीने कायदा संतुष्ट होतो. तिचा प्रश्न मात्र त्यापुढचा होता.

तो प्रश्न असा की, शिक्षकाच्या हाती जे असते त्यातील त्याचे स्वतःचे किती? युक्ती त्याची आहे. ती त्याने मुक्तपणे द्यावी. श्रम त्याचे आहेत. त्यांविषयीही त्याने सांगावे. परंतु मुलाचे अडखळणे हे मुलाचे आहे. ते शिक्षकापाशी ठेव म्हणून येते. वैद्यापाशी रोगी आपले दुखणे घेऊन येतो तसे मूल आपले अज्ञान घेऊन येते, आणि हे कोणी हसण्यावारी नेणार नाही या विश्वासावरच ते चुकण्याचे धाडस करते. ठेवीतून दान करता येत नाही. आपल्या मालकीचे देणे हे औदार्य. दुसऱ्याची ठेव वाटणे हा, हेतू कितीही चांगला असो, अपहार होय. ताईने जे जोडून दाखविले त्यातील फेब्रुवारीचे श्रेय काही अंशी तिचे होते. जून सर्वस्वी त्या मुलाचा होता.

या दोन हकीकती एकमेकींशेजारी ठेवल्या म्हणजे देण्याच्या व्यवहारातील घोटाळा उघड होतो. जेथे नाव राहावयास हवे होते तेथे ते गळाले, आणि जेथे चेहरा झाकावयास हवा होता तेथे तो उघडा पडला. आणि हे कोणा दुष्टाने केले असे नव्हे. देणे हळूहळू दाखविण्यात बदलते, आणि बदलले केव्हा हे देणाऱ्यासही कळत नाही. देताना आपली नजर घेणाऱ्याकडे असते; दाखविताना ती आपल्याकडे पाहणाऱ्यांकडे वळते. ताईने प्रांजळपणे मान्य केले की, ती दुसरी फीत टाकताना, हे पाहून अमुक एका शिक्षकाला वाचन शिकविण्यास मदत होईल, असा विचार तिच्या मनात नव्हता. किती जण अंगठा वर करतात, हे ती रात्री दोनदा उठून पाहत होती.

यात सारा दोष शिक्षकांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. त्यांना दाखविण्याची सवय आपणच लावली आहे. उपक्रम केला, त्याचे छायाचित्र पाठवा. झाड लावले, छायाचित्र पाठवा. माहिती आजच्या आज सादर करा. ज्या फोनवर शिक्षकाने शिक्षकाशी बोलावयाचे त्याच फोनवर दिवसभर हे हुकूम येत असतात, आणि पुराव्याच्या या रेट्यात काम होण्यापेक्षा काम दिसणे महत्त्वाचे होऊन बसते. 'अति तातडीचे' हे शब्द मी स्वतः किती पत्रांच्या माथ्यावर लिहिले असतील! ते पत्र शेवटी ज्याच्या टेबलावर पडते त्याच्यापुढे तेव्हा कोण बसलेले असेल, याचा विचार मी कधी केला नाही.

ताईने पुढे काय केले हे सांगितले पाहिजे. तिने त्याच समूहावर, कोणाचेही नाव न घेता, आपली चूक लिहिली. समूहावर नेहमीप्रमाणे नमस्काराची काही चिन्हे उमटली आणि पुढील परिपत्रकाखाली तो मजकूर वाहून गेला. पण त्या रात्री तिला तीन शिक्षकांचे फोन आले. तिघांनीही आपापले असेच काही सांगितले, जे त्यांनी आजवर कोणाजवळ काढले नव्हते. त्यांतून अकरा शिक्षकांचा एक लहान समूह झाला आहे. मुलांचे चेहरे तेथे येत नाहीत, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ज्याला वाटेल त्याने त्या आठवड्यात फसलेला पाठ सांगावयाचा असतो. तो फार जोरात चालतो असे नाही. परीक्षेच्या दिवसांत तो महिना महिना मुका असतो. परंतु 'उसनवारी'ची 'मोड' कशी झाली, हे त्या अकरांस नीट माहीत आहे.

फसलेल्या पाठाचे महत्त्व गिजुभाईंनी केव्हाच ओळखले होते. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील शिक्षक मोठ्या उमेदीने वर्गात जातो आणि पहिल्याच दिवशी त्याचा शांततेचा खेळ पार उधळला जातो. नव्या शिक्षकास ते पुस्तक आपले वाटते त्याचे कारण तो पहिला दिवस होय. यशाचे प्रदर्शन पाहून शिक्षक एक तर दिपतो नाही तर खिन्न होतो. दुसऱ्याची चूक प्रामाणिकपणे सांगितलेली ऐकून मात्र तो शिकतो.

त्या मे महिन्यात माळ्यावरील पत्र्याच्या पेटीत अण्णांच्या टाचणवह्या सापडल्या. अण्णा आता नाहीत. त्यांची बदली झाली की नव्या गुरुजींस ते साहित्याच्या यादीबरोबर वर्षाची टाचणवही वाचावयास देत, हे आम्हांस ठाऊक होते. आपणही बदलीच्या वेळी कार्यभार सोपवितो. पण त्यात आपण काय सोपवितो? कपाटे, किल्ल्या आणि निकालात न निघालेली प्रकरणे. अण्णांच्या वह्यांत समासात जागोजागी लाल शाईने लिहिलेले होते: 'जमले नाही.' 'घाई झाली.' 'चौघांना कळले नाही, उद्या पुन्हा.' त्या चौघांची नावे कोठेही नव्हती. आणि एका पानाच्या कडेला, दोन घरांच्या आकृतीजवळ, ही युक्ती ज्यांनी सांगितली त्या गुरुजींचे नाव, गाव आणि तारीख होती.

ताईने त्या पानाचे छायाचित्र काढले. समूहावर टाकण्यापूर्वी तिने ते मला दाखविले आणि विचारले, "यात कोणाचे काही जात नाही ना रे?" मी ते पान पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचले, आणि मग नाही म्हणालो.